अंधार शिकवणारे आप्पा

खरं सांगायचं तर मी नाटकात गेले ती काम करायला. काम म्हणजे रंगमंचावर, उजेडात, तोंडाला रंग लावून. नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत मी कारकून होते. लग्नाला सहा वर्षं झालेली, पोरगी शाळेत जायला लागलेली, आणि कॉलेजात एका एकांकिकेसाठी मिळालेलं उत्तेजनार्थ बक्षीस अजून कपाटाच्या काचेआड उभं होतं. तेवढ्या भांडवलावर मी गावातल्या हौशी नाटकवाल्यांकडे जाऊन धडकले. दिग्दर्शक देशमुख सर कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांनी मला शेजारणीचं काम दिलं. दोन वाक्यं. पहिलं, "वहिनी, आहात का घरात?" आणि दुसरं, "बरं, येते मी." चौथ्या दिवशी त्यांनी पहिलं वाक्य काढून टाकलं. नुसतीच येऊन "बरं, येते मी" म्हणणारी बाई कशी दिसत असेल, तुम्हीच बघा. पाचव्या दिवशी दुसरंही गेलं.

मी विंगेत उभी राहून डोळे पुसत होते. कोणी पाहत नाही असं मला वाटत होतं. तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला.

"बाई, रडून झालं असंल तर तो पाना द्या वर."

वर लाकडी घोड्यावर, म्हणजे दोन्हीकडून पाय असलेल्या उंच शिडीवर, एक काळासावळा ठेंगणा माणूस बसला होता. खाकी पँट, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात पेन आणि पेनाशेजारी टेस्टर. मला राग आला. पण पाना पायाशीच पडला होता, मी तो दिला. त्यानंतर चौदा वर्षं मी त्या माणसाला पाना देत आले.

त्यांचं नाव लक्ष्मण खरात. सगळे आप्पा म्हणायचे. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर ते वायरमन होते. मूळ गाव जाफराबादकडे. वडलांची मेंढरं होती, दहावीपर्यंत आप्पांनीही राखली, मग आयटीआय केलं आणि कारखान्यावर लागले. नाटकाची स्पर्धा नेमकी उसाचं गाळप जोरात असताना यायची. मग आप्पा सहकाऱ्यांच्या पाळ्या आधीच करून ठेवायचे आणि त्या बदल्यात आठ दिवस मोकळे व्हायचे. एसटीनं जालन्याला यायचे ते पिशवीत दोन शर्ट, एक पक्कड आणि चिकटपट्टीची चार रिळं घेऊन. मावशी, म्हणजे त्यांची बायको, हसून म्हणायची, माहेरपणाला चालले. लेकरूबाळ नव्हतं. मावशी लवकर गेली. ती गेल्यावर पिशवीत एकच शर्ट असायचा, एवढाच काय तो फरक आम्हाला दिसला.

त्यांची एक सवय होती. कोणत्याही वस्तूला ते आधी उलट्या हातानं शिवायचे. वायर असो, दिवा असो, चहाचा कप असो. वायरमनची ती सवयच असते. करंट असला तर तळहातानं धरलेलं सुटत नाही, हात आवळला जातो. उलटा हात झटका बसला की आपोआप मागे येतो. पण आप्पा पाहुण्यांच्या घरी शिऱ्याच्या बशीलाही तसंच करायचे. देशमुख सरांच्या बायकोनं एकदा विचारलं, आमच्या बशीत काय करंट आहे का. आप्पा ओशाळून म्हणाले, हाताला विचारून पाहा, मला न्हाई विचारत तो.

रंगीत जिलेटिनचा त्यांना भयंकर तिटकारा. दिव्यापुढे रंगीत कागद लावला की देशमुख सर खूश व्हायचे आणि आप्पांचं तोंड कारल्यासारखं व्हायचं. लाल लावला की राग, निळा लावला की रात, मंग हिरवा लावला का सोयाबीन उगवलं का, असं ते विचारायचे. सर म्हणायचे, आप्पा, परीक्षकांना दिसायला पाहिजे ना काहीतरी. आप्पा कागद लावून द्यायचे. वाद घालणं त्यांना यायचंच नाही, हा त्यांचा फार मोठा दोष होता. माझ्या अंगात तो गुण भरपूर आहे, पण जिथं वापरायला पाहिजे होता तिथं नेमका मी वापरला नाही. ते पुढं येईलच.

माझं शिक्षण घरापासून सुरू झालं. आप्पा म्हणाले, आठ दिवस घरातला उजेड लिहून आणा. कुठून येतो, किती वाजता येतो, कशावर पडतो. मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचे. सासूबाई दोन दिवस बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, सूनबाई भिंतीकडं पाहून लिहून राह्यली, एकदा कोणाला तरी दाखवून आण. तरी मी लिहिलं. साडेसात वाजता ओट्याच्या अर्ध्यापर्यंत ऊन. दुपारी माजघरात फक्त दाराच्या फटीतून. संध्याकाळी ट्यूबलाइट. चांगली सोळा पानं भरली.

आप्पांनी सगळी पानं वाचली आणि विचारलं, "मंग लाइट जाते तवाचं कुठं हाय?"

त्या काळात आमच्याकडे रोज भारनियमन असायचं. ते लिहायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणाले, तेव्हा काही दिसतच नाही, तर काय लिहायचं.

"तेच तर शिकायचं हाय," ते म्हणाले. "उजेड काय, बटन दाबलं का होतो. अंधार करता आला पाहिजे."

मग त्यांनी मला अंधार शिकवला. थट्टा नाही, खरोखर शिकवला. मंगळवारी दुपारी नाट्यगृह रिकामं असायचं. सगळी दारं लावून घ्यायची, दारांच्या फटींना गोधड्या लावायच्या, आणि रंगमंचावर खाट, टेबल, दोन खुर्च्या मांडून त्या मिट्ट काळोखात मी त्या उचलून विंगेत न्यायच्या. नडग्या सोलून निघाल्या. घरी नवरा म्हणायचा, नाटकात मारामारी असते काय तुमच्या. महिनाभरानं मला खाट कुठं आहे ते न बघता कळायला लागलं. ते कसं कळतं हे मी आजही सांगू शकत नाही. प्रयोगाच्या आधी आप्पा पडद्यामागच्या सगळ्यांना पाच मिनिटं अंधारात बसवायचे. डोळे धुऊन घ्या, म्हणायचे. नट मंडळी कुरकुरायची, मोबाइल काढायची. आप्पा मोबाइल गोळा करून टोपलीत ठेवायचे.

मिठाच्या पाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय आप्पा पुरे होत नाहीत.

आमच्याच नाट्यगृहात स्पर्धा होती. डिमर, म्हणजे दिवे कमी-जास्त करणारी पेटी, आम्ही संभाजीनगरहून भाड्यानं आणली होती. तालमीच्या दिवशी व्होल्टेज वर गेलं आणि पेटी जळाली. दुसरी मिळेना. आप्पा म्हणाले, फिकर करू नका, बरण्या आणतो. तरुणपणी कारखान्याच्या वसाहतीत गणपतीतली नाटकं त्यांनी अशीच उजळली होती. लोणच्याची चिनी मातीची बरणी घ्यायची, तिच्यात मिठाचं पाणी भरायचं. तळाला एक तांब्याचा पत्रा, वरून दोरीला टांगलेला दुसरा. दोन्हीला वायर. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा वाढतो, वर ओढला की मंद होतो. ऐकायला सोपं आहे. पण बरणीतल्या पाण्यात सरळ घरातला करंट असतो, हात गेला तर माणूस गेला. आप्पा कोरड्या फळीवर उभे राहून, एक हात खिशात घालून दुसऱ्यानं दोरी ओढायचे. बाकी कोणाला दहा फुटांच्या आत येऊ द्यायचे नाहीत.

सगळी मेख मिठात असते. मीठ कमी पडलं तर दिवा पूर्ण पेटत नाही, जास्त झालं तर मंद होत नाही. आप्पांनी प्रयोगाच्या दिवशी सकाळी माझ्याच घरी, नळाच्या पाण्यात, चिमटी चिमटी टाकून प्रमाण काढलं. दिवा असा मस्त विझत गेला की सासूबाईंनीसुद्धा मान डोलावली. संध्याकाळी बरण्या विंगेत मांडल्या आणि नाट्यगृहाच्या टाकीतून भरल्या. टाकी त्याच दुपारी टँकरनं भरली होती. टँकर बोअरचा.

आता जालन्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, केस चिकट होतात. सासूबाई सहा वर्षं मला तेच ऐकवत होत्या. ते पाणी आधीच खारट. त्यात आप्पांनी नळाच्या हिशोबानं मीठ टाकलं. मी शेजारी उभी होते, आणि माझ्या डोक्यातही आलं नाही.

शेवटच्या प्रवेशात बाप मरतो. दिवा मिनिटभर हळूहळू विझायचा होता. आप्पांनी दोरी ओढायला सुरुवात केली, दिवा ढिम्म. आणखी ओढली, तरी ढिम्म. आणि बरणीतलं पाणी उकळायला लागलं. वाफेचे लोट विंगेतून निघाले आणि थेट खाटेवरच्या बापावर गेले. बाप मेल्यावर खोकला. शेवटी आप्पांनी पत्रा पाण्यातून पूर्ण उपसला तेव्हा फट्‌कन अंधार झाला.

निकालात आम्हाला प्रकाशयोजनेचं दुसरं बक्षीस. परीक्षकांनी खास लिहिलं होतं की मृत्यूच्या प्रसंगी धुक्याचा वापर कल्पक होता. आम्ही हसून लोळलो. आप्पा हसले नाहीत. प्रमाणपत्र घ्यायलाही गेले नाहीत, मीच घेतलं. मी त्यांना ते दिलं तेव्हा त्यांनी खिशातला पेन काढून मागच्या बाजूला लिहिलं, "बोअरचं पाणी. मीठ निम्मं." आणि बरण्यांच्या खोक्यात टाकून दिलं. पुढं दोन दिवस ते माझ्याशीसुद्धा नीट बोलले नाहीत. माझ्यावर राग नव्हता. चुकीला बक्षीस मिळाल्याचं त्यांना खरोखर दुःख झालं होतं, आणि ते दुःख समजणारं दुसरं कोणी त्या गावात नव्हतं.

निवृत्तीनंतर आप्पा जालन्यात दोन खोल्या घेऊन राहिले, ते फक्त शिकवायला. गावातल्या प्रत्येक नाटकाचे दिवे आणि दिवेवाला बाहेरून यायचा, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. खोक्याचा छोटा रंगमंच केला, टॉर्चचे बल्ब लावले, दर रविवारी वर्ग. आधी अकरा जण आले. एक पुण्याला गेला. दोघं लग्नाच्या लाइटिंगमध्ये गेले, त्यांचं उत्तम चाललंय. एकीचं लग्न झालं. बाकीचे काहीही न सांगता यायचे थांबले. आप्पा रविवारी नऊला दार उघडून बसायचे. मी गेले की म्हणायचे, या, आज तुमच्या एकटीचाच तास.

मग नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद झालं. सहा महिन्यांत उघडेल असं म्हणाले. सहा वर्षं कुलूप होतं. आत कबुतरं. आप्पा दर मंगळवारी सवयीनं तिथपर्यंत चालत जायचे, कुलूप बघायचे आणि परत यायचे. दोन-तीनदा मी त्यांच्याबरोबर अर्ज घेऊन कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी अगदी साधेपणानं विचारलं, नाटकात लाइट लावायला शिकायचं काय असतं. मी भांडायला तोंड उघडलं. आप्पांनी माझी ओढणी मागून ओढली, लहान पोरीला ओढावं तशी. बाहेर आल्यावर म्हणाले, त्यांना खरंच माहीत न्हाई, ताई. माहीत नसणाऱ्यावर काय चिडायचं. मला तर आजही त्या साहेबांवर चिडायचं आहे.

अशात आप्पांचे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जितकी टिकेल तितकी खरी. कडेकडेनं काळं होत येत होतं. आप्पा म्हणायचे, पाइपातून पाहून राह्यलो. स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पिताना एक दिवस ते मला म्हणाले, "ताई, वरीसभर नजर राहील. एक नाटक माझ्या आखणीवर, तुमच्या हातानं व्हावं. या गावात शिकलेल्या माणसानं लावलेला उजेड. तेवढा पाहिला का बास." आयुष्यात त्यांनी मागितलेली ही एकमेव गोष्ट. मी म्हणाले, होणार म्हणजे होणार. माझी जीभ फार सैल आहे.

आणि खरंच त्याच वर्षी नाट्यगृह उघडलं. नवीन रंग, नव्या खुर्च्या, नवे एलईडी दिवे. स्पर्धा परत आली. देशमुख सरांनी नाटक निवडलं, एका म्हाताऱ्या बाईचं. घरात ती एकटी असते आणि मुलाची वाट बघत असते. आप्पांनी तीन महिने आखणी केली. त्यांना कागद दिसत नव्हता, ते बोलायचे आणि मी लिहायचे. बेचाळीस क्यू. क्यू म्हणजे दिवा बदलायची प्रत्येक जागा. सकाळचा उजेड चुलीपाशी कसा येईल, दुपारी दारातून किती आत येईल. एक कागदसुद्धा रंगीत नव्हता. म्हातारी पाणी आणायला उठते आणि परत येत नाही, तिथं त्यांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. मोकळ्या खाटेवरचा उजेड किती सावकाश जायला पाहिजे, हे ते मला हातानं दाखवायचे. रोज निराळं. शेवटी एकदाचं ठरलं.

प्रयोगाला आठ दिवस राहिले आणि सरांनी मला कॉलेजात बोलावलं. म्हणाले, नव्या दिव्यांवर जुना डिमर चालत नाही, जुने दिवे टांगायला व्यवस्थापक तयार नाहीत, आणि अंतिम फेरीत जायचं तर लाइट जोरदार पाहिजे. संभाजीनगरचा एक जण ठरवलाय, लॅपटॉपवर करतो. मी म्हणाले, आणि आप्पा? सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, तुम्ही सांगा त्यांना, तुमचं ऐकतात. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही सांगवत नव्हतं, इतकंच.

मी सांगितलं नाही. आठही दिवस सांगायचं म्हणून गेले, चहा पिऊन परत आले. आप्पा त्या आठ दिवसांत दाढी करून बसायला लागले होते. नव्या शर्टाचं कापड घेतलं होतं. कोणत्या तोंडानं सांगणार होते मी? आणि मग मला एक अक्कल सुचली, तिला अक्कल म्हणायचं तर. तोवर आप्पांना समोर उजेड आहे की अंधार, एवढंच कळत होतं. माणूससुद्धा ओळखू येत नव्हता. मी ठरवलं, प्रकाशकक्षात जुनी डिमरची पेटी टेबलावर मांडायची. जोडायची काहीच नाही. आप्पा शेजारी बसून क्यू देतील, मी पेटीवरच्या, दिवे कमी-जास्त करायच्या दांड्या सारीन. खाली शेवटच्या रांगेत बसून तो लॅपटॉपवाला त्याचं त्याचं करील. आप्पांना समाधान, सरांना लाइट. त्या माणसाला मी आमची आखणी दाखवली होती. तो भला होता, चाळिशीचा, डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, मॅडम, एवढा कमी उजेड आता कोणी बघत नाही.

संध्याकाळी सातला प्रयोग सुरू झाला. आप्पा नव्या शर्टात. बसल्या बसल्या त्यांनी पेटीला आधी उलटा हात लावला, मग डावा तळहात तिच्यावर ठेवला आणि शेवटपर्यंत तिथंच ठेवला. पहिला क्यू दिला, "सकाळ. चुलीकडून." मी दांडी वर सारली. जुन्या दांड्या खर्र वाजायच्या. खाली रंगमंच जांभळा झाला. आमची म्हातारी जांभळ्या चुलीपुढे बसली. आप्पा दोन क्षण थांबले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी दुसरा क्यू दिला. तिसरा दिला. खाली निळं झालं, गुलाबी झालं, मधेच एक झोत गरागरा फिरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पा आपल्या शांत आवाजात सांगत होते, दुपार, दारातून, अर्धा. मी सारत होते. खर्र. खर्र. बेचाळीस वेळा मी त्या मेलेल्या पेटीच्या दांड्या सारल्या. म्हातारी पाणी आणायला उठली तेव्हा ते म्हणाले, "आता हळू. एकदम हळू, ताई." मी ओढली. खाली खटकन काळं झालं आणि सगळं नाट्यगृह टाळ्यांनी भरून गेलं.

मी म्हणाले, झालं आप्पा, छान झालं. ते म्हणाले, पाणी द्या जरा.

प्रकाशयोजनेचं पहिलं बक्षीस त्या लॅपटॉपवाल्याला मिळालं. महिनाभरात जाफराबादहून पुतण्या आला आणि आप्पांना गावी घेऊन गेला. खोक्याचा रंगमंच घरमालकानं माळ्यावर टाकला. मी स्टँडवर पोचवायला गेले नाही, ऑफिसात ऑडिट आहे असं कळवलं. ऑडिट नव्हतं.

दिवाळीनंतर राहवेना. एसटीनं जाफराबाद, पुढं जीप. पुतण्या सोयाबीनची पोती रचत होता, त्यानं बोटानं दाखवलं. आप्पा ओसरीत खाटेवर बसले होते. दुपारचं ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं आणि ते हटत नव्हते, म्हणजे उजेडही आता कळत नव्हता. माझा आवाज ऐकून चेहरा फुलला. पोरीची बारावी, सासूबाईंचे गुडघे, सगळं विचारलं. मी मधेच तोडून म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी त्या पेटीला कनेक्शन नव्हतं."

"माहीत हाय."

"कधी कळलं?"

"पहिल्याच क्यूला. चालू डिमर हाताला लागतो, घुमतो. त्यो गार होता."

मी विचारलं, मग बेचाळीसच्या बेचाळीस क्यू काहून दिले.

ते म्हणाले, "तुमी दांड्या सारून राह्यल्या होत्या. मी थांबलो असतो, तर तुमी काय केलं असतं?"

मी रडले. ओसरीत, पुतण्याच्या देखत, पन्नाशीकडे झुकलेली बाई. आप्पांनी माझं रडून होऊ दिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "एक सांगू का? म्हातारी उठते तिथं तुमची दांडी जल्दी खाली आली. मी हळू म्हणलो होतो."

"आप्पा, त्यात करंटच नव्हता हो."

"नव्हता. पण जल्दी आली."

आणि त्यांनी आपला हात कोपरात वाकवून उभा धरला. म्हणाले, ही दांडी समजा, करा परत. मी त्यांचं मनगट धरलं. बाहेर पुतण्या जीप आल्याचं ओरडला, जीपवाल्यानं हॉर्न दिला. आप्पांचं सगळं लक्ष मनगटाकडे होतं. मी तो हात खाली आणत गेले. त्यांनी शिकवला होता तितका सावकाश, म्हातारीची खाट मोकळी आहे आणि कोणी परत येणार नाही असं धरून. हात खाटेवर टेकला तेव्हा हॉर्न दोनदा वाजून गेला होता.

"हां," आप्पा म्हणाले. "आता बराबर. जा, जीप जाईल."

पौष महिन्यात पुतण्याचा फोन आला, आप्पा गेले. आमच्या गावात नाटकं होतात, दिवे बाहेरून येतात, छान फिरतात. आप्पांच्या आखणीवर मी चालवलेला क्यू त्या ओसरीतला, तेवढा एकच.